बिनदामाची गाणी

कीथ ग्रीन (१९५३–१९८२) हे अमेरिकेतील समकालीन ख्रिस्ती संगीताच्या पहिल्या पिढीतले गायक, पियानोवादक आणि गीतकार. ख्रिस्ती गायक म्हणून त्यांच्या वाट्याला सात वर्षे आली. पहिल्या अल्बमापासून मोजली तर पाचच. देवाचे गाणे विकावे का, हा प्रश्न त्यांनी या अवधीत आपल्या व्यवसायापुढे ठेवला आणि त्याचे उत्तर स्वतःचे घर गहाण टाकून दिले. या संगीताची आणि त्याच्या बाजाराची ओढाताण त्यांच्या चरित्रात जितकी उघडी दिसते, तितकी त्या काळच्या दुसऱ्या कोणाच्या चरित्रात क्वचितच दिसेल.

ग्रीन ज्या व्यवसायात आले तो तेव्हा पुरता दहा वर्षांचाही झाला नव्हता. १९६०नंतरच्या दशकाच्या अखेरीस दक्षिण कॅलिफोर्नियात हिप्पी तरुणांचे जथे ख्रिस्ताकडे वळू लागले. या लाटेला ‘जीझस मूव्हमेंट’ असे नाव पडले. ही मुले येताना आपली गिटार, आपल्या चाली आणि आपली बोलीही बरोबर घेऊन आली. चर्चमध्ये तेव्हा ऑर्गन आणि गीतांचे पुस्तक यांचे राज्य होते. ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार ही नाइट क्लबातली वाद्ये, त्यांना उपासनेत जागा नाही, असे बहुतेक मंडळ्या मानत. लॅरी नॉर्मन यांचा ‘अपॉन धिस रॉक’ १९६९ साली कॅपिटल कंपनीने काढला. रॉकच्या अंगाने ख्रिस्ताविषयी गाणाऱ्या अगदी पहिल्या अल्बमांत त्याची गणना होते. कोस्टा मेसा येथील कॅल्व्हरी चॅपलचे पाळक चक स्मिथ यांनी केस वाढवलेल्या, अनवाणी येणाऱ्या या मुलांना दार उघडले. त्यांच्यातल्या गायकांची गाणी बाहेर पोचावीत म्हणून १९७१ साली ‘मारानाथा! म्युझिक’ सुरू झाले. त्याच वर्षी जूनमध्ये ही चळवळ ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आली.

गाणी तयार झाली तरी ती विकायची कुठे, हा पेच होताच. नेहमीची रेडिओ केंद्रे ती वाजवायला नाखूश, रेकॉर्डची दुकाने ठेवायला नाखूश. मग बायबल आणि धार्मिक पुस्तके विकणाऱ्या दुकानांनीच एका कोपऱ्यात रेकॉर्डचे खण मांडले, आणि मोठ्या बाजाराच्या शेजारी एक धाकटा बाजार उभा राहिला. वर्ड कंपनीत ‘मर’ हे लेबल सुरू करणारे बिली रे हर्न यांनी १९७६ साली ‘स्पॅरो’ ही स्वतःची कंपनी काढली. जुलै १९७८मध्ये याच संगीताला वाहिलेले मासिक निघाले आणि ‘समकालीन ख्रिस्ती संगीत’ हे नाव रूढ होत गेले. या धाकट्या बाजाराने मोठ्याचीच रीत उचलली होती: करार, मानधन, तिकीट, खपाच्या याद्या. भजन गाणारा तरुण वर्षा-दोन वर्षांत ‘आर्टिस्ट’ होऊ लागला होता.

कीथ गॉर्डन ग्रीन यांचा जन्म २१ ऑक्टोबर १९५३ रोजी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या शीप्सहेड बे भागात झाला. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात, सॅन फर्नांडो खोऱ्यातल्या कनोगा पार्कला राहायला गेले. घराण्याचे मूळ ज्यू, पण मुलाचे संगोपन ख्रिश्चन सायन्स या पंथाच्या शिकवणीत झाले. तिसऱ्या वर्षी युकुलेली, पाचव्या वर्षी गिटार आणि सातव्या वर्षी पियानो अशी त्याच्या शिक्षणाची पायरी चढत गेली. १९६५ साली, अकरा वर्षांचा असताना, त्याने स्वतः रचलेली चाळीसेक गाणी जमवली होती. डेक्का कंपनीने त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला. गीतकारांच्या ‘अस्कॅप’ या संघटनेचा तो तेव्हाचा सर्वांत लहान सभासद ठरला. मे महिन्यात ‘द वे आय यूज्ड टू बी’ ही पहिली रेकॉर्ड निघाली. दूरचित्रवाणीवरच्या मोठ्या कार्यक्रमांत तो झळकला, किशोरांच्या मासिकांत त्याचे फोटो छापून आले. कंपनीला त्याच्यातून पोरवयाचा तारा घडवायचा होता. पुढे डॉनी ऑसमंड हा दुसरा मुलगा देशाच्या गळ्यातला ताईत झाला आणि कीथ ग्रीन हे नाव लोक विसरून गेले.

पुढच्या आयुष्यातल्या हट्टाचे एक मूळ या बालपणात शोधता येते. आवाजाचा माल कसा होतो, मालाला चेहरा कसा लावतात आणि दुसरा चेहरा आला की पहिला कसा मागे पडतो, हे सगळे त्याने मिसरूड फुटण्याआधी पाहून घेतले होते. प्रसिद्धीविषयी इतरांना तिशीत किंवा चाळिशीत वाटणारा संशय ग्रीन यांना विशीतच ग्रासून होता, याचे नवल वाटायला नको.

तारुण्यातली काही वर्षे भटकण्यात गेली. पंधराव्या वर्षी घरातून पळून जाणे, अमली पदार्थ, पौर्वात्य अध्यात्माचे नाना मार्ग हे सगळे त्या पिढीच्या कॅलिफोर्नियाला साजेसेच होते. २५ डिसेंबर १९७३ रोजी त्यांनी मेलडी स्टाइनर यांच्याशी लग्न केले. त्याही ज्यू घरातल्या आणि त्याही गीतकार. दोघे मिळून गाणी लिहीत आणि मिळूनच देवाचा शोध घेत. १९७५ साली बेव्हर्ली हिल्समध्ये भरणाऱ्या एका बायबल अभ्यासवर्गात दोघे जाऊ लागले. हा वर्ग केन गलिक्सन यांच्या ‘व्हिनयार्ड’ मंडळीचा होता. इथेच ग्रीन पतिपत्नींनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. काही वर्षांनी बॉब डिलनही याच मंडळीच्या संपर्कात आले. तो धागा पुढे ग्रीन यांच्या एका अल्बमापर्यंत पोचतो.

श्रद्धा स्वीकारल्यावर दोघांनी पहिली गोष्ट केली ती घराचे दार उघडे ठेवण्याची. व्यसनातून सुटू पाहणारे, रस्त्यावर आलेले, लग्नाआधी दिवस राहिल्याने घराबाहेर पडलेल्या मुली अशी माणसे त्यांच्या लहानशा घरात राहायला आली. घर पुरेना, तेव्हा शेजारचे घर विकत घेतले. तेही पुरेना, तेव्हा वुडलँड हिल्सच्या त्याच वस्तीत आणखी पाच घरे भाड्याने घेतली. १९७७मध्ये या कामाला ‘लास्ट डेज मिनिस्ट्रीज’ हे नाव मिळाले. पुढच्या वर्षापासून संस्थेचे वार्तापत्र निघू लागले, तेही फुकट. गायकाची कारकीर्द आणि हे सात घरांचे बिऱ्हाड अशी दोन कामे ग्रीन यांनी वेगळी मानली नाहीत. त्यांची गाणी समजून घेताना ही स्वयंपाकघरे आणि तिथली माणसे नजरेआड करून चालत नाही.

स्पॅरोने १९७६ साली ‘फायरविंड’ ही संगीतिका काढली, तीत ग्रीन यांचा आवाज होता. पुढच्याच वर्षी ‘फॉर हिम हू हॅज इअर्स टु हिअर’ हा त्यांचा पहिला ख्रिस्ती अल्बम आला. निर्माते होते बिल मॅक्सवेल. हे ड्रमवादक, आंद्रे क्राउच यांच्या कृष्णवर्णीय गॉस्पेल मेळ्यात त्यांचा हात तयार झालेला. तेव्हाचे बरेचसे ख्रिस्ती तरुणसंगीत गिटारवरचे, मऊ, शेकोटीभोवती बसून गाण्यासारखे होते. ग्रीन मात्र पियानोवरून गात. त्यांचा डावा हात जणू तालवाद्य वाजवी, उजवा हात गॉस्पेलच्या वळणाने धावे, आणि आवाज त्या दोहोंवर स्वार होऊन कधी विनवणी तर कधी जवळजवळ आरडाओरडा करी. कनोगा पार्कच्या मुलाचे बालपणीचे कसब आणि मॅक्सवेल यांची लय एकत्र आली, तेव्हा या व्यवसायात आधी नसलेला एक जोर त्यात आला.

याच अल्बमात ॲनी हेरिंग यांचे ‘ईस्टर साँग’ आहे. ते ‘सेकंड चॅप्टर ऑफ ॲक्ट्स’ या त्रयीने आधी गायले होते. ग्रीन यांच्या पियानोने त्याला पुनरुत्थानाच्या सकाळची घाई दिली. ‘युअर लव्ह ब्रोक थ्रू’ हे रँडी स्टोनहिल आणि टॉड फिशकाइंड या मित्रांबरोबर रचलेले. ते १९७६ साली फिल केगी यांनी आधी ध्वनिमुद्रित केले होते. आणखी एक गाणे थेट सैतानाच्या तोंडी घातलेले आहे: लोकांचा आपल्यावरचा विश्वास उडाला, त्यामुळे आपले काम कसे सोपे झाले, हे तो सांगतो. धर्मगीतात नाट्य आणण्याची ही ओढ त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. १९८१च्या संग्रहातले ‘द शीप अँड द गोट्स’ तर मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या २५व्या अध्यायाचे कथाकथनच आहे. मेंढरे आणि शेरडे वेगळी करणारा न्यायदिन पियानोच्या साथीने सांगता सांगता ते ऐकणाऱ्याला आपण कोणत्या बाजूला उभे आहोत, हे विचारायला लावतात.

दुसरा अल्बम ‘नो कॉम्प्रमाइज’ १९७८चा. मुखपृष्ठावर राजवैभवापुढे वाकलेली गर्दी आणि तीत ताठ उभा एकच माणूस, असे चित्र आहे. एस्तेरच्या पुस्तकातला मर्दखय आठवावा, असेच. इथली गाणी बाहेरच्या जगाला उद्देशून नाहीत, मंडळीला उद्देशून आहेत. ‘अस्लीप इन द लाइट’ हे त्यांतले सर्वांत कडक: दाराशी उपाशी माणूस येतो आणि आतले विश्वासणारे आपल्या आशीर्वादांत गाढ झोपलेले असतात, हा त्याचा विषय. त्याच अल्बमात मेलडी यांनी लिहिलेले ‘मेक माय लाइफ अ प्रेअर टु यू’ही आहे. ते शांत आहे, आणि पतीच्या गाण्यांतून सहसा न सापडणारा विसावा त्यात आहे.

त्या काळात ग्रीन एकोणिसाव्या शतकातले संजीवन-प्रचारक चार्ल्स फिनी यांचे लेखन वाचत होते. अर्धवट पश्चात्ताप म्हणजे पश्चात्तापच नव्हे, ही फिनींची धार त्यांच्या बोलण्यात उतरली. कार्यक्रमात गाण्यांमध्ये ते बराच वेळ बोलत आणि श्रोत्यांना खडे बोल सुनावत. हा कडवेपणा कधी कधी अन्यायाच्या टोकाला गेला. संस्थेने ‘कॅथलिक क्रॉनिकल्स’ या नावाने रोमन कॅथलिक शिकवणुकीविरुद्ध लेखमाला छापली, तिने अनेक श्रद्धावंतांची मने दुखावली आणि सहकाऱ्यांतही वाद झाला. माणूस प्रामाणिक होता, याने त्या लेखनाची कठोरता कमी होत नाही. पण स्वतःच्या वहीत त्यांनी स्वतःला जितके फैलावर घेतले तितके दुसऱ्या कोणाला घेतले नाही, हेही खरे.

हीच धार १९७९ साली व्यवसायावर फिरली. ग्रीन यांचे अल्बम चांगले खपत होते, कार्यक्रमांना गर्दी होत होती. ज्याला यश म्हणतात ते हातात असताना त्यांना एक गोष्ट सलू लागली. ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे नाहीत तो सभागृहाच्या बाहेर राहतो, आणि आत जे सांगितले जाते ते तर फुकट मिळालेल्या कृपेविषयी असते. येशूने शिष्यांना पाठवताना तुम्हाला फुकट मिळाले ते फुकटच द्या असे बजावले होते. ग्रीन यांनी ते शब्दशः घेतले. कार्यक्रमांचे तिकीट बंद झाले. मग ते बिली रे हर्न यांच्याकडे गेले आणि करारातून मोकळे करण्याची विनंती केली. चांगला खपणारा गायक कंपनी सहसा सोडत नाही. हर्न यांनी सोडले, कोर्टकचेरी न करता सोडले. या प्रसंगात ग्रीन यांच्या निर्धाराचे कौतुक पुष्कळ झाले आहे. तेवढेच कौतुक हर्न यांच्या वाट्याला यायला हवे होते.

पुढचा अल्बम काढायला आता कंपनी नव्हती. दोघांनी घर गहाण ठेवले, ‘प्रिटी गुड रेकॉर्ड्स’ या नावाने स्वतःचे लेबल सुरू केले आणि १९८० साली ‘सो यू वॉना गो बॅक टु ईजिप्ट’ काढला. शीर्षकगीताचा विषय जुन्या करारातला: मिसरातून, म्हणजे ईजिप्तातून, सुटलेले इस्राएल लोक रानात देवाने दिलेला मान्ना रोज खाऊन कंटाळतात आणि गुलामीतल्या जेवणाची आठवण काढतात. मान्नाचे किती प्रकार करून खावे लागतात, याची यादी गाण्यात हसवत येते, आणि हसता हसता तो कंटाळा आपलाच आहे हे ध्यानात येते. ‘ओ लॉर्ड, यू आर ब्यूटिफुल’ हे त्यांचे बहुधा सर्वांत सुंदर प्रार्थनागीत याच अल्बमातले. आणखी एका गाण्यात बॉब डिलन यांनी हार्मोनिका वाजवली आहे. तेव्हा डिलन यांचा ‘स्लो ट्रेन कमिंग’ नुकताच आला होता आणि त्यांच्या ख्रिस्ती होण्याची जगभर चर्चा चालू होती.

अल्बमाची खरी नवलाई मात्र त्याच्या किमतीत होती, म्हणजे ती नसण्यात. तो टपालाने आणि कार्यक्रमांच्या जागी मिळे. जो मागेल त्याने परवडेल तेवढे द्यावे; काहीच परवडत नसेल तर काहीच देऊ नये, रेकॉर्ड तरीही घरी येईल. मे १९८२पर्यंत दोन लाखांहून अधिक प्रती अशा रवाना झाल्या आणि त्यांतल्या ६१,००० प्रती एक पैसाही न घेता गेल्या. या आकड्यांकडे नीट पाहावे. दहांतल्या जवळजवळ तिघांनी काही दिले नाही, याचा अर्थ सातांनी काही ना काही दिले. मागणाऱ्याची चौकशी करणारे कोणी नव्हते. किमतीची चिठ्ठी काढून टाकली तर सगळेच फुकट घेतील, ही बाजाराची समजूत इथे खरी ठरली नाही. इंग्लंडच्या रेडिओहेड या प्रसिद्ध रॉक मेळ्याने ऑक्टोबर २००७मध्ये आपला अल्बम इंटरनेटवर ‘वाटेल ती किंमत द्या’ म्हणून ठेवला, तेव्हा व्यवसायातली अपूर्व गोष्ट म्हणून त्याचा गाजावाजा झाला. ग्रीन यांनी ती सत्तावीस वर्षे आधी, टपालपेटीच्या भरवशावर केली होती.

यात अडचणी नव्हत्या असे नाही. ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांचे पोट छापील किमतीवरच्या नफ्यावर चाले. त्यांना वगळून गाणे थेट घरी पोचवणे म्हणजे ज्या वाटेने ग्रीन लोकांपर्यंत आले तीच सोडणे. पुढे त्यांनी मधला मार्ग काढला. दुकानातून त्यांची कॅसेट घेणाऱ्याला तीच आणखी एक कॅसेट मोफत मिळे, दुसऱ्या कोणाला तरी देण्यासाठी. दुकानदाराचा नफा राहिला आणि गाण्याची एक प्रत दर वेळी बाजाराबाहेर निसटत राहिली.

१९७९मध्येच संस्थेने कॅलिफोर्निया सोडून पूर्व टेक्सासात लिंडेल गावाजवळच्या गार्डन व्हॅलीत ४० एकर जमीन घेतली होती. काही वर्षांत ती १४० एकरांपर्यंत वाढली. इथे वार्तापत्राचा छापखाना, राहण्याच्या इमारती आणि एक खासगी धावपट्टी झाली. १९८२मध्ये ‘साँग्ज फॉर द शेफर्ड’ आला. यात ओरडा जवळजवळ नाही. स्तोत्रांच्या जवळ जाणारी, मंडळीने एकत्र गावीत अशी गाणी आहेत. फटकारणारा गायक वंदनाकडे वळत होता, असे हा अल्बम ऐकताना वाटते. त्याच वर्षी पतिपत्नी युरोपात मिशनरी कामे पाहून आले. ‘यूथ विथ अ मिशन’ या संस्थेशी जवळीक वाढली आणि येत्या शरद ऋतूतल्या कार्यक्रमांतून तरुणांना परदेशी सेवेसाठी हाक द्यायची असे ठरले.

२८ जुलै १९८२च्या संध्याकाळी पाहुण्या कुटुंबाला वरून परिसर दाखवावा म्हणून ग्रीन आपल्या दोन मुलांना घेऊन संस्थेच्या भाड्याच्या सेस्ना ४१४ विमानात बसले. वैमानिकासह विमानात बारा जण होते, त्यांतली निम्म्याहून अधिक मुले. विमान त्या भारासाठी नव्हते. वजन जास्त होते आणि भार मागच्या बाजूला गेला होता. धावपट्टीवरून उठताच ते कोसळले आणि कोणीही वाचले नाही. ग्रीन अठ्ठावीस वर्षांचे होते, त्यांचा मुलगा तीन वर्षांचा आणि मुलगी दोन वर्षांची. मेलडी धाकट्या मुलीबरोबर घरी होत्या आणि त्यांना पुन्हा दिवस गेले होते.

ठरलेले कार्यक्रम रद्द झाले नाहीत. ग्रीन यांच्या चित्रित कार्यक्रमांच्या फिती दाखवून, मेलडी यांच्या उपस्थितीत, ते गावोगावी स्मृतिसभा म्हणून झाले आणि परदेशी सेवेची हाक त्यांतूनच दिली गेली. मागे राहिलेल्या ध्वनिमुद्रणांतून ‘द प्रॉडिगल सन’ (१९८३) आणि ‘जीझस कमांड्स अस टु गो!’ (१९८४) हे अल्बम निघाले. मेलडी यांनी डेव्हिड हॅझर्ड यांच्या साहाय्याने लिहिलेले चरित्र १९८९ साली ‘नो कॉम्प्रमाइज’ याच नावाने आले. ग्रीन यांच्या वह्यांचा आधार असल्याने त्यात त्यांचे दोषही झाकलेले नाहीत. २००१मध्ये गॉस्पेल म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव नोंदले गेले.

पैशाविषयीची त्यांची रीत व्यवसायाने उचलली नाही. एकेका गायकाने आपापल्या परीने ती पाळली. रिच मलिन्स यांनी आपली कमाई मंडळीतल्या वडीलधाऱ्यांच्या हवाली केली, सामान्य अमेरिकी कामगाराएवढा पगार स्वतःसाठी घेतला आणि अखेरच्या वर्षांत नवाहो आदिवासींच्या मुलांना संगीत शिकवायला गेले. व्यवसाय मात्र वाढत राहिला. स्पॅरोने ग्रीन यांची गाणी १९८७ आणि १९८८ साली ‘द मिनिस्ट्री इयर्स’ या दोन संचांत पुन्हा काढली, तेव्हा ‘ईजिप्ट’मधली गाणीही छापील किमतीला दुकानात आली. १९९२मध्ये स्पॅरो ही ईएमआय या बहुराष्ट्रीय कंपनीच्या मालकीची झाली. १९८८पासून एक परवाना-संस्था चर्चकडून वार्षिक शुल्क घेऊन गीतांचे शब्द छापण्याची आणि पडद्यावर दाखवण्याची मुभा देऊ लागली, आणि ते पैसे गीतकार व प्रकाशकांत वाटले जाऊ लागले. तिच्या यादीत ग्रीन यांची गाणी आहेत, आणि १९८२च्या अल्बमातले ‘देअर इज अ रिडीमर’ही आहे. ग्रीन यांच्या आवाजात लोकांनी ऐकलेल्या गाण्यांपैकी जगभरच्या मंडळ्यांत बहुधा हेच सर्वाधिक गायले जाते. त्याचे मूळ शब्द मेलडी यांचे आहेत. पतीने त्यात एका कडव्याची भर घातली होती.